ऐकलेले जमा कधी होते?

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीचा रात्रीचा फोन घरी येतो, तेव्हा इकडे सकाळ झालेली असते आणि दुकान उघडण्याची घाई सुरू असते. अशा घाईतल्या बोलण्यात एखाद्या दिवशी वेगळीच बातमी कानावर पडते. “पप्पा, गुरुवारी विद्यापीठात एक जाहीर व्याख्यान आहे. ते ऐकून दोन पानांचे परीक्षण लिहिले, तर अर्थशास्त्रात जादा गुण मिळणार आहेत.” यावर घरातले उत्तर जणू ठरलेले असते. “नुसते व्याख्यान ऐकण्याचे गुण? मग तुझ्या आजीला तर केव्हाच पदवी मिळायला हवी होती!”

विनोद निर्मळ आहे. पण त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. सभागृहात तास-दीड तास बसून राहणे हे शिक्षण आहे काय? असेल, तर त्याचे मोल कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? मिळकतीचा प्रत्येक पैसा कशाच्या बदल्यात आला, याची नोंद ठेवण्याची रीत ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या घरांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शिवाय परदेशातील शिक्षणासाठी घराची मोठी शिल्लक खर्ची पडलेली असते, कधी कर्जही काढलेले असते. मुलगी तेथे नेमके काय मिळवते आहे, हे जाणून घेणे हा पालकांचा हक्कच आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की वाट बोस्टन शहरात जाते, इंग्लंडमधील एका सहकारी दुकानाच्या सभागृहात थांबते आणि, आश्चर्य म्हणजे, मुंबईच्या बंदरालाही स्पर्श करून येते.

हजेरीचे गुण नाहीत

प्रथम दोन शब्दांतला फरक ध्यानात घ्यावा. पदवीसाठी जे श्रेयांक साठवावे लागतात, ते वेगळे. एखाद्या विषयाच्या अंतर्गत मिळणारे जादा गुण वेगळे. अमेरिकेतील अनेक प्राध्यापक सत्राच्या आरंभीच आपल्या विषयाचे लेखी वेळापत्रक देतात. परीक्षेला किती गुण, निबंधाला किती, वर्गातील सहभागाला किती, हे त्यात नमूद असते. त्याच कागदावर कधी शेवटी एक ओळ असते: विद्यापीठातील अमुक व्याख्यानांपैकी एखादे ऐकून त्यावर परीक्षण लिहिल्यास थोडे जादा गुण मिळतील. हे गुण बहुधा मोजकेच असतात. त्यांनी नापासाचा पास होत नाही. फार तर काठावरची श्रेणी एक पायरी वर सरकते.

आणि हे गुण हजेरीचे नसतात. दारावरची सही किंवा सभागृहातले छायाचित्र दाखवून काम भागत नाही. परीक्षणात चार गोष्टी अपेक्षित असतात. वक्त्याचे मुख्य म्हणणे काय होते? त्यासाठी त्याने कोणते पुरावे दिले? ते पुरावे त्या म्हणण्याला पेलतात काय? आणि वर्गात जे शिकवले गेले, त्याच्याशी याचा मेळ कसा बसतो? व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर व्याख्यानाला जाणे ही रोजमेळातली नोंद झाली. ती योग्य खात्यात उतरवली गेली नाही, तर वर्षाअखेरीस तिचा ताळेबंदाला काहीच उपयोग नाही. परीक्षण लिहिणे म्हणजे ही खतावणी.

मुंबईत मिटलेले डोळे, बोस्टनमध्ये उघडलेले दार

अमेरिकेत जाहीर व्याख्यानांना जे स्थान मिळाले, त्यामागे एका व्यापारी घराण्यातील तरुणाचे दुःख आहे. जॉन लॉवेल ज्युनिअर हा बोस्टनचा. त्याचे वडील फ्रान्सिस कॅबट लॉवेल यांनी अमेरिकेतील आरंभीच्या कापड गिरण्यांपैकी एक गिरणी उभारली. लॉवेल या गिरणीनगराला त्यांचेच नाव आहे. मुलानेही व्यापारात जम बसवला होता. परंतु १८३० आणि १८३१ या काळात काही महिन्यांच्या अंतराने त्याची पत्नी आणि दोन्ही लहान मुली मरण पावल्या. वयाच्या बत्तिशीच्या आत घर रिकामे झाले. त्या घरात त्याला राहवेना. तो प्रवासाला निघाला. युरोप पाहिला, इजिप्तमध्ये गेला. तेथे लक्सर येथे आजारी अवस्थेत, १८३५ साली, त्याने आपल्या मृत्युपत्राची व्यवस्था पक्की केली. पुढे तांबड्या समुद्राच्या मार्गाने तो हिंदुस्थानाकडे आला. मुंबईला पोहोचल्यावर काही आठवड्यांतच, ४ मार्च १८३६ रोजी, त्याचा येथेच अंत झाला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

मागे वारस उरला नव्हता. आपल्या संपत्तीचा सुमारे अर्धा भाग, म्हणजे जवळजवळ अडीच लाख डॉलर, त्याने बोस्टनच्या नागरिकांसाठी जाहीर व्याख्याने चालवण्याकरिता ठेवला होता. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. पण व्यापारी वाचकांना खरी मौज वाटेल ती त्या मृत्युपत्रातील अटींची. त्या अटींत दातृत्व आहे आणि पेढी चालवणाऱ्या माणसाचा हिशेबीपणाही आहे.

पहिली अट अशी, की या निधीतला पैसा इमारत बांधण्यावर खर्च करू नये. दुसरी अशी, की दरवर्षीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुन्हा मुद्दलात घालावा. तिसरी अशी, की कारभार अनेकांच्या मंडळाकडे न देता एकाच विश्वस्ताने पाहावा आणि त्याने आपला उत्तराधिकारी नेमून ठेवावा. लोकांसाठीची सर्वसाधारण व्याख्याने विनामूल्य असावीत आणि स्त्रियांनाही ती ऐकता यावीत, अशीही तरतूद होती. मात्र अधिक सखोल, अभ्यासूंसाठीच्या व्याख्यानांना थोडे शुल्क घेण्याची मुभा होती. ते शुल्क किती? दोन बुशेल गव्हाच्या किमतीहून अधिक नाही! एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. म्हणजे शुल्काची कमाल मर्यादा साधारण ५४ किलो गव्हाची. डॉलरचा आकडा न घालता धान्याचे माप का घातले, हे धान्याच्या बाजारात वावरणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. नाण्याची किंमत बदलते. गव्हाच्या पोत्याचे मोल सामान्य माणसाला पिढ्यान्‌पिढ्या समजते.

१८३९ च्या अखेरीस या संस्थेचे उद्घाटन झाले आणि लगेच बेंजामिन सिलिमन यांची भूगर्भशास्त्रावरील व्याख्याने सुरू झाली. पुढच्या मालेसाठी प्रवेशपत्रिका वाटल्या जात असताना इतकी गर्दी लोटली, की ज्या पुस्तकाच्या दुकानातून त्या दिल्या जात होत्या, त्याच्या खिडक्या फुटल्या. आज एखाद्या चित्रपटासाठी जशी झुंबड उडते, तशी तेव्हा रसायनशास्त्रावरच्या व्याख्यानासाठी उडाली होती.

येथवर सारे उत्तम. पण एक उणीव होती. हजारो लोक ऐकत होते. ऐकून घरी गेल्यावर त्यांच्याजवळ काय उरत होते, हे कोणालाच कळत नव्हते.

भिंतीवर राहून गेलेली चित्रे

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग इंग्लंडमध्ये सापडला, आणि तोही थोडासा अपघातानेच. केंब्रिजचे तरुण अध्यापक जेम्स स्टुअर्ट १८६७ साली उत्तर इंग्लंडमधील शहरांत स्त्रियांसाठी खगोलशास्त्रावर व्याख्याने देऊ लागले. विद्यापीठाची दारे तेव्हा स्त्रियांना बंद होती. ऐकणाऱ्यांना कितपत समजले, हे पाहण्यासाठी प्रश्न विचारावेत असे स्टुअर्ट यांना वाटे. पण तरुण व्याख्यात्याने तरुण स्त्रियांशी भर सभेत प्रश्नोत्तरे करणे त्या काळच्या समाजाला रुचणारे नव्हते. तेव्हा तोड निघाली ती अशी: प्रश्न छापून द्यायचे, उत्तरे घरून लिहून पाठवायची आणि व्याख्यात्याने ती तपासून परत करायची. संकोचातून जन्मलेली ही पद्धत शिक्षणाला वरदान ठरली. बोलून दाखवलेले उत्तर हवेत विरते. लिहिलेल्या उत्तरात विचाराची प्रत्येक फट दिसते.

दुसरा प्रसंग रॉचडेल गावचा. १८४४ साली काही विणकर आणि कामगारांनी एकत्र येऊन तेथे सहकारी दुकान काढले होते. जगभरच्या सहकारी चळवळीत त्याचे नाव आदराने घेतले जाते. त्या संस्थेच्या सभागृहात स्टुअर्ट यांचे व्याख्यान होते. पुढच्या आठवड्यापर्यंत आकृत्या भिंतीवर तशाच राहू द्याव्यात, असे त्यांनी सहज सांगितले. आठवड्याने परत आले तर कळले, की मधल्या काळात सभासद त्या आकृत्यांभोवती जमून वाद घालत होते आणि त्यांच्याजवळ शंकांची शिदोरी जमा झाली होती. त्यानंतर व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग घेण्याची प्रथा पडली. १८७३ पासून केंब्रिज विद्यापीठाने या विस्तारकार्याला अधिकृत रूप दिले. छापील टिपण, साप्ताहिक लेखन, चर्चावर्ग आणि अखेरची परीक्षा अशी त्याची घडण झाली.

आज अमेरिकेतील प्राध्यापक “ऐका आणि परीक्षण लिहा” असे सांगतात, त्याचे मूळ सूत्र या प्रसंगांत आहे. व्याख्याता बोलून थांबतो, तेथे शिक्षण अर्ध्यावर आलेले असते. उरलेला अर्धा भाग श्रोत्याने स्वतः पुरा करायचा असतो.

निवृत्तिवेतनातून आलेले माप

आता प्रश्न उरला मोजमापाचा. क्रेडिट हा शब्द व्यापाऱ्याला परिचित आहे: खात्यावरची जमा आणि बाजारातली पत, दोन्ही अर्थांनी. तो शिक्षणात रुजला, त्याच्या इतिहासातही पैशाचा हिशेब आहे. १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. पण महाविद्यालय कोणाला म्हणायचे? त्या काळी अमेरिकेत नावापुरती महाविद्यालये पुष्कळ होती. म्हणून देणगीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने अटी घातल्या. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत ठरावीक एककांइतका अभ्यास केलेला असावा, ही त्यांतली एक. एका विषयाचा वर्षभरात साधारण १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक एकक. निवृत्तिवेतन मिळावे, या इच्छेने महाविद्यालयांनी हे माप स्वीकारले आणि पाहता पाहता ते देशभर रूढ झाले. महाविद्यालयांतही तासांच्या हिशेबाने श्रेयांक देण्याची पद्धत स्थिरावली: आठवड्याला वर्गात एक तास, त्यासाठी वर्गाबाहेर सुमारे दोन तासांचा अभ्यास, असे एक सत्र म्हणजे एक श्रेयांक.

या हिशेबात एक मर्म आहे, ते नजरेआड होऊ नये. ऐकण्याच्या प्रत्येक तासामागे स्वतःच्या कष्टाचे दोन तास गृहीत धरलेले आहेत. नुसत्या ऐकण्याची किंमत अमेरिकेच्या वहीतही एकतृतीयांशच आहे.

१९१० साली हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. त्या वेळी हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते ए. लॉरेन्स लॉवेल. त्याच घराण्यातले असल्यामुळे मुंबईत मरण पावलेल्या जॉन लॉवेलच्या निधीचे विश्वस्तपदही त्यांच्याकडेच होते. त्यांनी बोस्टन परिसरातील महाविद्यालयांना सोबत घेऊन नागरिकांसाठी विस्तारवर्ग सुरू केले. दिवसभर नोकरी-धंदा करून संध्याकाळी येणाऱ्या माणसाला व्याख्याने ऐकून, लेखन करून, परीक्षा देऊन पदवीपर्यंत पोहोचण्याची वाट त्यातून मोकळी झाली. जाहीर व्याख्यान आणि श्रेयांक यांची अशी रीतसर गाठ पडली. शाळेच्या शिक्षिका, कारकून, दुकानांतील नोकर अशा माणसांना तिचा लाभ झाला.

महाराष्ट्राची स्वतःची वही

हे सारे परक्या देशाचे, असे मानण्याचे कारण नाही. जॉन लॉवेलच्या मृत्यूनंतर बाराच वर्षांनी, १८४८ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून एक वाङ्मयीन आणि शास्त्रीय सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या धुरीणांपैकी होते. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या गेल्या. तेथे सदस्य निबंध वाचत आणि इतर त्यावर चर्चा करत. एका सदस्याने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली. पण ती टाळ्यांवर संपली नाही. १८४९ साली याच तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सकाळच्या वेळी स्वतः विनावेतन शिकवले. जगन्नाथ शंकरशेठ यांच्यासारख्या धनिकांनी जागा दिली, व्यापारी घराण्यांनी पैसा दिला. ऐकलेल्या निबंधाचे याहून चांगले परीक्षण कोणते असू शकते?

पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी शहर गोळा व्हायचे आणि एखादा विषय शांतपणे ऐकायचे, ही सवय तिने लावली. पुढे विद्यापीठे आली, तेव्हा त्यांनी शिक्षण भिंतींबाहेर नेण्यासाठी विभाग काढले आणि त्यांना बहिःशाल हे सुरेख नाव मिळाले. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत पोहोचते. तालुक्याच्या गावातील अडत्याचा, कापड दुकानदाराचा मुलगाही ती ऐकू शकतो.

अलीकडे श्रेयांकही आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक बँकेचे नियम जाहीर केले. विद्यार्थ्याच्या नावे खाते, त्यात मिळवलेले श्रेयांक जमा, एका संस्थेतून दुसरीकडे वर्ग करण्याची सोय आणि साधारणतः ७ वर्षांची मुदत: सारी परिभाषा पेढीवरचीच. वर्गातील अध्यापनाच्या १५ तासांना एक श्रेयांक, हे माप येथे प्रचलित आहे. महाराष्ट्रातील नव्या पदवी आराखड्यात सहशालेय उपक्रमांनाही श्रेयांकांची जागा मिळाली आहे.

म्हणजे आपल्याकडे व्याख्याने आहेत, श्रोते आहेत आणि श्रेयांकांचे खातेही उघडले आहे. या तिघांना जोडणारा दुवा मात्र अनेक ठिकाणी अजून कच्चा आहे. महाविद्यालयात व्याख्यान असले, की वर्ग सोडून मुलांना सभागृहात बसवले जाते, हजेरी घेतली जाते, आभार मानले जातात, चहा होतो. व्याख्यात्याच्या म्हणण्यावर दोन पाने लिहून आणा, असे सांगणारा शिक्षक विरळा. आणि लिहून आणलेली पाने वाचून त्यावर शेरा देणारा त्याहून विरळा. हजेरीला श्रेयांक जोडून मोकळे होणे सोपे असते. पण तसे झाले, तर खात्यावर आकडा चढेल आणि तिजोरी रिकामीच राहील.

परीक्षण म्हणजे काय लिहायचे?

एक उदाहरण घेऊ. समजा, लहान दुकानांच्या भवितव्यावर व्याख्यान आहे. वक्त्याचे म्हणणे असे, की घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे गल्लीतले किराणा दुकान टिकणार नाही. श्रोत्यांत किराणा व्यापाऱ्याची मुलगी बसली आहे. तिला राग येणे स्वाभाविक आहे. त्या रागाच्या भरात तिने लिहिले, “वक्त्यांना दुकान चालवण्याचा अनुभव नाही, त्यामुळे त्यांचे मत ग्राह्य नाही,” तर ते परीक्षण झाले नाही. माणसावर बोट ठेवल्याने त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही. उलट, “व्याख्यान फार माहितीपूर्ण होते, वक्त्यांची शैली ओघवती होती,” असे लिहिले, तरीही ते परीक्षण नाही. ते आभारप्रदर्शन झाले.

खरे परीक्षण वेगळ्या वाटेने जाते. आधी वक्त्याचे म्हणणे इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे, की स्वतः वक्त्यानेही “होय, मला हेच म्हणायचे होते” अशी मान डोलवावी. मग पुरावा पाहायचा. आकडे कोणत्या शहरांतले होते? महानगरांतले असतील, तर ते तालुक्याच्या गावाला लागू पडतात काय? मग सुटलेली बाजू दाखवायची. गल्लीतले दुकान माल विकते, तशीच पतही देते. महिनाअखेरीस पगार होईपर्यंत वहीवर माल नेणारे घर कंपनीच्या हिशेबात कोठे बसते? येथे त्या मुलीजवळ सभागृहातील कोणाजवळही नसेल असे ज्ञान आहे. लहानपणापासून तिने ती वही पाहिली आहे. परीक्षणाच्या निमित्ताने घरचा अनुभव प्रथमच अभ्यासाचा पुरावा म्हणून कागदावर येतो. तेव्हा दुकान ही मागे सोडून आलेली गोष्ट राहत नाही. ते तिच्या ज्ञानाचे भांडवल ठरते.

परंतु खरी कसोटी याच्या पुढे आहे. समजा, वक्ता असेही म्हणाला, की उधारीवर नेलेल्या मालाच्या किमतीत व्याज दडलेले असते आणि ते गरीब गिऱ्हाईकच भरते. हे ऐकताना मुलीला घरचा हिशेब आठवतो आणि वाटते, यात तथ्य आहे. आता काय लिहायचे? जे आपल्या बाजूचे, ते खरे आणि जे अडचणीचे, ते वगळायचे, असे केले तर तराजूच्या एका पारड्याखाली बोट लावल्यासारखे होईल. मान्य करण्याजोगे आहे, ते मान्य करायचे. कोठवर मान्य आहे, ते सांगायचे. आणि जे अजून समजलेले नाही, त्याचा एक स्पष्ट प्रश्न करायचा. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची शिकवण ज्या परंपरेत आहे, त्या घरांतील मुलांना हे अवघड वाटू नये. तरीही ते अवघड वाटतेच, कारण येथे दुसऱ्याचे मत तोलताना स्वतःचेही मत काट्यावर ठेवावे लागते.

आक्षेपांना जागा

या पद्धतीवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते रास्त आहेत. संध्याकाळी ग्रंथालयात, उपाहारगृहात काम करून खर्च भागवणाऱ्या विद्यार्थ्याला सहाचे व्याख्यान कसे गाठता येणार? ज्याच्याजवळ मोकळा वेळ, त्यालाच जादा गुण, असे होऊ नये म्हणून समंजस प्राध्यापक ध्वनिमुद्रित व्याख्यानाचा किंवा दुसऱ्या लेखनाचा पर्याय देतात आणि ही संधी सर्वांना सत्राच्या आरंभीच जाहीर करतात. पालकांनी मुलांना हे विचारण्यास सांगावे. पर्याय मागण्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप असा, की जादा गुणांच्या आशेने मूळ अभ्यासाकडे दुर्लक्ष होते. तोही खरा. नियमित निबंध राहून गेला आणि व्याख्यानांचे परीक्षण तेवढे लिहिले, तर मुद्दल बुडवून वटाव मिळवल्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. व्याख्यानाचा विषय संगणकाला सांगितला, की क्षणार्धात दोन पाने तयार मिळतात. म्हणून काही प्राध्यापक आता विचारतात: शेवटी श्रोत्यांतून कोणता प्रश्न आला, वक्त्याने त्याला काय उत्तर दिले आणि ते उत्तर तुम्हाला पटले काय? सभागृहात जो होता आणि ज्याचे लक्ष होते, त्यालाच हे लिहिता येते. अर्थात फसवायचेच ठरवले, तर वाटा पुष्कळ आहेत. पण दुसऱ्याने लिहिलेले परीक्षण आपल्या नावावर देणे म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपला छाप मारणे होय. व्यापारात अशा माणसाची पत किती दिवस टिकते, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी एकदा सांगावे. कोणत्याही नियमावलीपेक्षा ते अधिक लक्षात राहील.

घरातून सुरुवात

महाविद्यालय काय करील ते करो. घराला यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गावात व्याख्यानमाला असते, ग्रंथालयात वक्ते येतात, चातुर्मासात तर रोजचे श्रवण असते. तेथून परतताना मुलांना सहसा एकच प्रश्न विचारला जातो: “कसे झाले?” आणि एकच उत्तर मिळते: “छान झाले.” या दोन शब्दांनी ऐकलेले सारे त्याच रात्री पुसले जाते.

त्याऐवजी जेवताना तीन प्रश्न विचारून पाहावेत. वक्त्याने कोणती एक गोष्ट सिद्ध करण्याचा प्रयत्न केला? तुला ती कोठे पटली आणि कोठे पटली नाही? त्यांना भेटून एकच प्रश्न विचारता आला असता, तर तो कोणता? आणि मोठ्यांनी हे प्रश्न स्वतःलाही लावून घ्यावेत. वडील म्हणाले, “माझे या बाबतीत वेगळे मत होते, पण आज ते थोडे बदलले,” तर मुलाला ज्ञानाविषयी जे कळेल, ते कोणत्याही वर्गात कळणार नाही. आठवड्यातून एकदा अर्धे पान लिहून ठेवण्याची सवय लागली, तर दिवाळीला जशी नवी वही येते, तशी वर्षाअखेरीस विचारांचीही एक भरलेली वही हाती येईल.

आजीच्या पदवीचा प्रश्न राहिला. वर्षानुवर्षे ऐकलेल्यातून आजीने जे निवडले, जे वागण्यात उतरवले आणि जे न पटल्यामुळे शांतपणे बाजूला ठेवले, ते तिने कधी कागदावर लिहिले नाही. पण घर त्यावर उभे राहिले. तिला कोणी गुण दिले नाहीत, तरी तिच्या खात्यावर जमा मोठी आहे. नात परदेशात दोन पानांचे परीक्षण लिहिते, तेव्हा तेच काम ती शाईने करत असते.

जॉन लॉवेलने आपल्या निधीतून झालेले एकही व्याख्यान ऐकले नाही. बोस्टनच्या सभागृहात पहिला वक्ता उभा राहिला, तेव्हा मुंबईत त्याला जाऊन जवळजवळ चार वर्षे लोटली होती. मुली गेल्या, वंश खुंटला. तरी अनोळखी माणसांची मुले ऐकतील, समजून घेतील, या भरवशावर त्याने आपली अर्धी पुंजी ठेवली. पुढच्या वेळी फोनवर मुलगी म्हणेल, “पप्पा, गुरुवारी व्याख्यान आहे,” तेव्हा दुकान उघडायची घाई असली तरी क्षणभर थांबावे आणि म्हणावे, “जरूर जा, बेटा. आणि लिहून झाले की ती दोन पाने आम्हालाही वाचून दाखव.”